वहिनींचं कोरडं विरजण

दादाने वहिनींचं नाव घेतलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं ते या जानेवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास, फोनवर. एरवी ‘ही’, ‘हिला’, फार तर ‘सईची आई’. तीस वर्षांहून जास्त संसार झाला, त्यातला बहुतेक सगळा जर्मनीत, पण या एका बाबतीत आमचा दादा सांगलीहून कधी हललाच नाही. त्यामुळे तो जेव्हा म्हणाला, “मिलिंद, सुनंदा गेली,” तेव्हा सुनंदा कोण हे कळायला मला एक क्षण लागला… आणि आता वाटतं, त्या दिवसातला तेवढाच एक क्षण बरा होता. चहाचं आधण ठेवून वहिनी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्या आणि उठल्याच नाहीत. हृदय थांबलं. डॉक्टर येईपर्यंत आधणाचं पाणी आटून गेलं होतं.

मी वाल्डॉर्फला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. दादा झिंडेलफिंगेनला राहतो, मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. गाडीने तास-सव्वा तासाचं अंतर. पोचलो तेव्हा खालच्या मजल्यावरचे हेर, म्हणजे श्रीयुत, हाउग हातात टोपी धरून पॅसेजमध्ये उभे होते आणि दादा खुर्चीत बसला होता, पायात बूट घालून, जणू कुठे निघायचंय. मला बघून तो रडला नाही. म्हणाला, “खाली केलरमध्ये दोन बादल्या आहेत. तापमान बघून ये. आज कोणी बघितलं नाही.” मी तळघरात गेलो. कोपऱ्यातल्या जुन्या फ्रिजमध्ये झाकणाच्या दोन पांढऱ्या बादल्या शेजारी शेजारी होत्या. त्यांच्यावर वहिनींच्या अक्षरात मराठी आकडे, १ आणि २. झाकणात खोचलेल्या नळ्यांमधून थांबून थांबून एकेक बुडबुडा येत होता. बाहेर लावलेल्या तापमापकावर दहा अंश. बाई गेली होती आणि तिने आठ दिवसांपूर्वी लावलेलं काम बिनबोभाट चालू होतं. वर मी धीराने वागलो होतो. तिथे मात्र फ्रिजचं दार धरून रडलो. मग तोंड धुतलं, वर गेलो आणि दादाला सांगितलं, “दहा.” त्याने मान हलवली.

हे काय प्रकरण, ते सांगायला हवं. आमच्या सुनंदावहिनी घरी बिअर करत. साधीसुधी नाही, लागर. म्हणजे थंडीत सावकाश आंबणारी आणि मग आठवडेच्या आठवडे गारठ्यात पडून निवळणारी, इथल्या लोकांच्या जिवाभावाची फिकट सोनेरी बिअर. आणि स्वतः पीत नसत. आमटी चाखावी तशी चमचाभर चाखत, मान डोलावत किंवा नाक मुरडत, आणि बाकीची वाटून टाकत. दादा तर त्या चमच्यालाही शिवत नसे. आमचे वडील पीत. त्याबद्दल इथे एवढंच सांगतो की दादा जर्मनीला निघाला तेव्हा आईने देवासमोर त्याच्याकडून शब्द घेतला, आणि तो त्याने आजपर्यंत पाळला आहे. माझ्याकडून शब्द घ्यायची वेळ आली तोवर आई दमली असावी. मी पितो. वहिनींच्या बाटल्यांचं सर्वांत नियमित गिऱ्हाईक मीच.

वहिनी मायक्रोबायोलॉजीच्या एमएस्सी. लग्नाआधी आमच्याच भागातल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत होत्या. इथे आल्यावर डिग्रीला मान्यता मिळावी म्हणून त्यांनी तीन वर्षं कागद पाठवले. दर वेळी आणखी एक कागद कमी पडायचा. शेवटी एका शाळेच्या खानावळीत त्या पोरांना वाढायला लागल्या आणि तिथेच निवृत्त झाल्या. याबद्दल त्यांना कधी कुरकुरताना मी ऐकलं नाही, पण त्या फाइलला त्यांनी कधी कचऱ्याची पेटीही दाखवली नाही. भारतातून निघताना आईने त्यांना एक रुमाल दिला होता. सुती, पांढरा, दह्यात बुडवून सावलीत वाळवलेला. परदेशी जाणाऱ्या लेकीसुनांना तेव्हा असंच विरजण देत. झिंडेलफिंगेनच्या पहिल्या थंडीत वहिनींनी तो रुमाल कोमट दुधात बुडवला, पातेलं शालीत गुंडाळून हीटरजवळ ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी या देशात आमच्या घरचं दही लागलं. पुढे तीस वर्षं ते विरजण कधी मोडलं नाही. मी लग्न करून इथे आलो तेव्हा आमच्याकडेही त्यातलंच गेलं.

बिअरचं खूळ आलं ते केअरवोखेमुळे. आमच्या या भागात इमारतीतल्या प्रत्येक घराला आठवडा वाटून दिलेला असतो, त्या आठवड्यात जिना आणि अंगण झाडायची पाळी तुमची. हेर हाउग यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांच्या पाळ्या वहिनी न सांगता करत राहिल्या. हाउग म्हणजे एका छोट्या, आता बंद पडलेल्या ब्रुअरीतले जुने कारागीर, बोलायला कंजूष. बरे झाल्यावर त्यांनी घरी केलेल्या बिअरची एक बाटली आणून दिली. वहिनींनी ती घेतली, उजेडात धरली आणि विचारलं, “हे तळाशी बसलंय ते जिवंत आहे का?” हाउग नंतर मला म्हणाले, चाळीस वर्षांत शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मला दारू किती टक्के हेच विचारलं, तळाबद्दल विचारणारी ही पहिली बाई. त्या दिवसापासून त्या दोघांची केलरमध्ये शाळा सुरू झाली. हाउगना इंग्रजी येत नव्हतं, वहिनींचं जर्मन खानावळीतलं, पण दोघांनाही फेस वाचता यायचा.

पहिली खेप मात्र आपल्या बायकांनीच करावी अशी चुकली. हाउगनी यीस्ट दिलं, कसं टाकायचं ते दाखवलं आणि दोन आठवडे मुलाकडे गेले. वहिनींनी बादली बघितली, बाहेरचा बर्फ बघितला, त्यांना त्या जिवाची दया आली. दह्याच्या इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी ती बादली शालीत गुंडाळली आणि हीटरजवळ नेऊन ठेवली. लागरच्या यीस्टला हवा असतो गारवा. ऊब मिळाली की ते चेकाळतं आणि नको ते वास सोडतं. हाउग परत आले, एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, “फ्राऊ देसाई, हे लागर नाही. हे फ्रूट सॅलड आहे.” वहिनी ही गोष्ट इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत स्वतःच रंगवून सांगत. ‘बिअरवाल्या काकू’ म्हणून मागून हसणाऱ्या बायकाही मग समोर हसायच्या, आणि त्यांच्या हातचे मोदक खाताना तर कोणाला बिअरची आठवणच राहत नसे.

दादाला हे कसं लागलं असेल, याचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता. तो तीन आठवडे वहिनींशी बोलला नाही. भांडण नाही, आदळआपट नाही, नुसता अबोला. मग एका रविवारी त्याने जेवणाच्या टेबलावर एक कागद ठेवला. इथे घरी बिअर करायची तर त्सोलआम्टला, म्हणजे जकात कचेरीला, कळवावं लागतं. त्याने वहिनींच्या नावाचं पत्र टाइप करून आणलं होतं. “करायचंच असेल तर नियमात कर. सही कर इथे.” ही त्याची परवानगी. पुढच्या महिन्यात त्याने कुठूनसा जुना फ्रिज आणला, त्याला थर्मोस्टॅट जोडला आणि अर्ध्या अंशाचाही फरक पडणार नाही असा बंदोबस्त केला. पिणार नाही, चाखणार नाही, पण यंत्र चुकीचं चालू देणार नाही… असा आमचा दादा.

आणि मग त्याचं नाक कामाला आलं. झालं असं की लागर आंबून संपत आली की तिला कधीकधी लोण्याचा वास येतो. यीस्टचीच ती करणी असते आणि त्यालाच ती निस्तरायला लावायची असते. वास आला तर तीन-चार दिवस बादली जरा उबेत ठेवायची, यीस्ट ते लोणी परत खाऊन टाकतं. मग गारठ्यात टाकायचं. वास असताना तसंच गारठ्यात टाकलं तर लोणी कायमचं बिअरमध्ये राहतं. म्हणजे सगळा खेळ नाकावर. दिवसभर केलरमध्ये वावरलेल्या वहिनींना संध्याकाळी काही कळेनासं व्हायचं. स्वयंपाक करणारीला जेवताना चव लागत नाही, तसं. दादाचं नाक भलतं तीक्ष्ण. कारखान्यात म्हणे तो बिघडलेलं इंजिन वासावरून सांगायचा. तेव्हा रोज संध्याकाळी सहाला जिन्यातून हाक यायची, “अहो, जरा नाक घेऊन या!” दादा चपला घालून खाली जायचा, वहिनींनी पुढे केलेला पेला नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा. “लोणी.” “उकडलेलं अंडं.” कधी “हिरवं सफरचंद.” आणि सगळं जमून आलं असेल तर, “काही नाही.” लागरला याहून मोठं प्रशस्तिपत्रक नाही, वहिनी सांगत. यीस्टने सगळं काम करायचं आणि आपण तिथे होतो याचा मागमूस ठेवायचा नाही. एकदा त्या पुढे म्हणाल्या, “ते या जर्मनांचं पाचशे वर्षांपूर्वीचं बिअरचं फर्मान आहे ना, त्यात जव, हॉप्सची फुलं आणि पाणी एवढंच लिहिलंय. यीस्टचं नावसुद्धा नाही. राबणाऱ्याचं नाव कोण लिहितं, भाऊजी!” हसत म्हणाल्या होत्या. मी त्या वेळी हसलो.

कोरड्या यीस्टवर त्या आल्या त्या आईमुळे. सुरुवातीला हाउगसारखंच, मागच्या खेपेचा गाळ बरणीत भरून त्या फ्रिजमध्ये ठेवत. आई शेवटची इथे आली तेव्हा तिने ती बरणी विरजण समजून दुधाला लावली. सकाळी दही नाही, दुधाला कडसर वास, वर फेस. “सुनंदा, तुझं विरजण मेलंय,” आई म्हणाली. वहिनींनी खरं ते सांगून टाकलं. आई बराच वेळ त्या पातेल्याकडे बघत राहिली. दारूने तिच्या संसाराची काय दशा केली ते त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मग तिने विचारलं, “घरात पितं कोण?” वहिनी म्हणाल्या, “कोणी नाही.” “मग करतेस कशाला?” “मला येतं म्हणून, आई.” ते पातेलं घासायला आईने स्वतःच घेतलं. त्यानंतर वहिनींनी बरण्या बंद केल्या आणि पाकिटातलं कोरडं यीस्ट आणायला सुरुवात केली. बंद पाकीट, त्याच्यावर तारीख, कोणाचा घोटाळा व्हायला नको. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ती पाकिटं असत, आणि त्यांच्याखाली घडी घातलेला आईचा तो रुमाल. “दोन्ही एकच, भाऊजी. वाळवलेला जीव. फक्त एकाला ऊब द्यायची आणि दुसऱ्याला गारवा.”

यीस्ट निवडताना त्या अगदी मुलीसाठी स्थळं बघितल्यासारख्या बोलत. “पाकिटावरचं वाचायचं नसतं. पत्रिकेत आणि पाकिटावर सगळं चांगलंच लिहिलेलं असतं. नांदवून बघायचं.” जवाच्या एकाच उकाळ्याचे दोन भाग करून दोन बादल्यांत दोन यीस्ट लावायची, बाकी सगळं सारखं, आणि मग बघायचं, कोण लवकर तळाशी बसतं, कोण जवाचा गोडवा राखतं, कोण सगळं फस्त करून बिअर कोरडी करून टाकतं. अशा किती तरी परीक्षांनंतर त्यांनी एक धरलं होतं, हाउगच्या ब्रुअरीच्या चवीच्या सर्वांत जवळ जाणारं. त्याला त्या ‘मानी’ म्हणत. काम अप्रतिम, पण दोन पाकिटांखाली हलणार नाही, अकरा अंशांवर गेलात की रुसणार, आणि लोणी तर हमखास करणार. सई, त्यांची मुलगी, अठरा वर्षांची झाल्यावर तिने पहिला घोट घेतला तो या मानीच्या बिअरचा. हाउगनी आयुष्यात एकदाच ग्लास संपवून पुन्हा पुढे केला, तोही याच बिअरचा.

दोन वर्षांपूर्वी एकदा मी तिथे असताना मानीची एक खेप बिघडली. हाउगनी वास घेतला आणि म्हणाले, “बुटर.” लोणी. वहिनी लगेच म्हणाल्या, “माझी चूक. घाई केली.” त्यानंतरच्या हिवाळ्यात मला दर महिन्याला वेगळ्याच यीस्टच्या बाटल्या मिळायला लागल्या, मी मजेत पीत राहिलो. अखेर त्यांनी मानी सोडलं आणि एक नवं धरलं, त्याचं नाव ‘गरीब’. त्याची बिअर स्वच्छ असायची, निवळशंख असायची, पण मानीचा तो भरदारपणा तिच्यात नव्हता. मी तसं बोललो तर म्हणाल्या, “नसू दे. वय झालं आता. हे गरीब आहे हो. दोन अंश इकडेतिकडे झाले, कोणाचं काही चुकलं, तरी पोटात घालतं.” मला वाटलं, वहिनी थकल्या.

येत्या जूनमध्ये सईचं लग्न आहे. मुलगा इथलाच, श्वाबियन, नाव योनास. लग्नात आईची बिअर हवी हा सईचा हट्ट, आणि दुसरा हट्ट असा की ती मानीची हवी. सईला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती जर्मनमध्ये देते; “ममा, बिटे, तेच जुनं,” ही विनवणी त्यातल्या त्यात मिश्र. वहिनींनी हो-नाही काही केलं नाही. जानेवारीत पारख करायला दोन बादल्या लावल्या, एकीत गरीब, एकीत मानी. कुठल्या आकड्यात कुठलं ते फक्त त्यांना ठाऊक. मग तो मंगळवार आला.

तेराव्यानंतरच्या शनिवारी मी पुन्हा झिंडेलफिंगेनला गेलो. त्या दिवसांत दादा जेवत नव्हता म्हटलं तरी चालेल. वाटलं, माणूस गेल्याचं दुःख आहे, वेळ लागेल. संध्याकाळी सहाला तो म्हणाला, “चल, बादल्या बघू.” त्याने एक नंबरचा नमुना काढला, नाकाशी धरला, डोळे मिटले. “काही नाही.” मग दोन नंबरचा. तेवढाच वेळ, तसेच डोळे मिटून. “काही नाही. उत्तम झालीय.” आणि पेला माझ्या हातात दिला. पेला नाकापर्यंत न्यायचीसुद्धा गरज पडली नाही. तूप कढवायला ठेवलेल्या घरात शिरावं असा लोण्याचा वास. मी न राहवून म्हणालो, “दादा, अरे, हे तर नुसतं लोणी आहे.”

दादा बाटल्यांच्या रिकाम्या क्रेटवर बसला. “मला वास येत नाही, मिलिंद. मागे तो मोठा ताप आला होता ना, त्यानंतर गेला तो आलाच नाही. दोन वर्षं झाली.” त्याला वाटलं होतं, चार-सहा आठवड्यांत परत येईल, कशाला सांगायचं. मग सांगायची वेळ टळून गेली. “ती रोज सहाला हाक मारायची. या वयात मला रोज हाक मारून बोलावणारं दुसरं कोण होतं? जाऊन काय सांगणार होतो, नाक नाही म्हणून?” मग म्हणाला, “तिच्या हातात एकच गोष्ट होती तिची स्वतःची. त्यात मी दोन वर्षं तिला खोटं सांगत आलो. तशीच गेली ती.” त्याच्या न जेवण्याचं कारण मला तेव्हा कळलं. मी एक नंबरसाठी थर्मोस्टॅट गारठ्यावर फिरवला आणि दोन नंबरची बादली बाहेर उबेत काढून ठेवली.

वहिनींची वही यीस्टच्या डब्याशेजारीच होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी, सई आली. कुठल्या बादलीत काय, ते बघायला तिने वही उघडली, पण तिला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून ती बापाच्या हातात दिली. “पापा, वाच ना.” दादा चष्मा लावून शाळेतल्या मुलासारखा मोठ्याने वाचायला लागला. रकाने आखलेले होते: खेप, यीस्ट, अंश, ‘ह्यांचं नाक’, हाउग. वर्षानुवर्षं ‘ह्यांचं नाक’खाली लोणी, अंडं, सफरचंद, काही नाही. पानं उलटत तो दोन वर्षांपूर्वीच्या त्या खेपेशी आला. ‘ह्यांचं नाक: काही नाही. हाउग: लोणी.’ त्याच्याखाली बारीक अक्षरात चार ओळी होत्या. दादा त्या वाचायला लागला आणि त्याचा आवाज हळू होत गेला. ‘ह्यांना वास येत नाहीये. परवा फोडणी करपली तेव्हाही कळलं नाही. सांगत नाहीत. आपण विचारायचं नाही. यीस्ट बदलायचं. लोणी न करणारं बघायचं.’

पुढच्या पानापासून एक नवा रकाना होता, पेन्सिलीने ओढलेला: ‘मी, सकाळी’. रोज संध्याकाळी दादा निकाल देऊन वर जायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, उपाशी पोटी, ताज्या नाकाने वहिनी पुन्हा हुंगून बघायच्या. एकेक करून चार यीस्टं तिथे नांदवून सोडलेली होती. ‘लोणी.’ ‘थोडं लोणी.’ ‘अंडं, जात नाही.’ आणि मग गरीब: ‘काही नाही. हे चालेल. ह्यांचं नाक आता कधी चुकणार नाही.’ मी ज्या हिवाळ्यात मजेत बाटल्या रिचवत होतो तो हा हिवाळा. ज्या बाईने सगळ्या आयुष्यात एकच गोष्ट शंभर टक्के आपल्या मनासारखी जमवली होती, तिने ती आपण होऊन थोडी उणी केली होती, आणि त्याचा मागमूस ठेवला नव्हता. मला रडू आलं. दादा मात्र हसला, जवळजवळ तीन आठवड्यांत पहिल्यांदा. “फोडणी करपली तेव्हा मला वाटलं, मी सावरून घेतलं,” तो म्हणाला आणि हसता हसताच त्याने चष्मा काढला.

शेवटची नोंद बादल्या लावल्या त्या दिवशीची होती. ‘१ गरीब, २ मानी. सईला मानी हवं. खरं तर मानीच चांगलं. पण लग्नात पहिला पेला ह्यांनी सगळ्यांसमोर हुंगून पुढे द्यायचा आहे. बघू.’ त्यापुढे काही नव्हतं.

दादाने वही मिटली आणि मुलीला म्हणाला, “मानीच लावू गं. तुझं नाक आहे, काकाचं आहे. मी नाही घेणार वास. तुझ्या आईलाही तेच जास्त आवडायचं.” सई दोन्ही पेले पुढ्यात घेऊन बसली होती. तिने एकालाही तोंड लावलं नव्हतं. “डी आइन्स, पापा,” ती म्हणाली. एक नंबर. “अगं, चाखून तरी बघ.” तिने मान हलवली. “डी आइन्स. उंड डू रीख्स्ट.” आणि वास तूच घ्यायचास.

तर मागच्या शनिवारी आम्ही लग्नाची खेप लावली. हाउग भिंतीला टेकून बघत उभे होते. सईने डब्यातून गरीबची दोन पाकिटं काढली, खालच्या रुमालाची घडी जरा नीट केली आणि यीस्ट पाण्यावर पाऊस पाडल्यासारखं हळूहळू सोडलं, तिची आई सोडायची तसंच. शाल कोणीही आणली नाही. आता रोज संध्याकाळी सहाला पाच कमी असताना दादा केलरची किल्ली हातात घेऊन दाराशी उभा राहतो. काही करत नाही, जिन्याकडे बघत नुसता उभा राहतो… सहा वाजले की आपला आपण उतरतो. नमुना काढतो, पेला नाकाशी धरतो, पूर्वीइतकाच वेळ डोळे मिटतो, आणि वहीत ‘ह्यांचं नाक’खाली लिहितो: काही नाही. मीही काल हुंगून बघितलं. खरंच काही नव्हतं. वही बंद करण्याआधी मी पाहिलं, त्याने शेवटचा, पेन्सिलीचा रकानाही पट्टी धरून नव्या पानावर खालपर्यंत ओढलाय आणि कोरा सोडलाय. म्हटलं, यात मी लिहू का?

“नको,” दादा म्हणाला. “तो सुनंदाचा आहे.”